मुकी अक्षरं

मंगळवारी सहानंतर ग्रिम्सबीच्या वाचनालयात
आधी मासळीचा वास येतो, मग माणसं.
विल्फ सॉरेल, उत्तरेच्या समुद्रात दोरावरचा बर्फ फोडून
बोटांचे ठसे झिजवून आलेला;
मागून नोरीन, फिश फिंगरच्या कारखान्यातून थेट,
केसांची जाळी अजून खिशात;
आणि किअरन, एकवीस वर्षांचा,
दारापाशीच घुटमळतो,
कुणी पाहिलं तर चुकून आलो म्हणता यावं म्हणून.

या खेपेला प्रेमाचं पुस्तक हवं, म्हणाले.
मी आठवडाभर कपाटं उपसत बसले.

एकात उमराव होता, घोडा होता,
आणि पहिल्याच पानावर पाच-पाच तुकड्यांचे शब्द
गाडीतून सांडलेल्या सामानासारखे.
ठेवलं परत.
एक सोपं, ठसठशीत टाइपाचं,
पण त्यातले प्रेमिक ससे होते.
अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या हातात
ससे कसे ठेवायचे?
एकात नवरा मारत होता.
बारीक पुस्तक. चांगलं पुस्तक.
तीनदा पिशवीत घातलं, तीनदा काढलं,
नोरीनच्या लांब बाह्या आठवून.
मग माझीच मला लाज वाटली:
तिच्या वतीनं भिणारी मी कोण?
तरी शेवटी ते टेबलाच्या कोपऱ्यावर
उपडंच राहिलं.

निवडलं ते एका बसचालकाचं आणि विधवेचं.
चाळीस पानं. चुंबन एकोणिसाव्या पानावर.
घरी मी ते चहा निवायच्या आत वाचून टाकलं होतं.
वर्गात ऑक्टोबरात सुरू केलं, आणि एकोणिसाव्या पानाशी पोचलो
तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर
नाताळचे दिवे लागले होते.
एवढा वेळ कुणी कुणासाठी थांबतं का हो?
आम्ही थांबलो. बोट ठेवत, ओठ हलवत,
एकेका शब्दाच्या पायरीवर दम खात.

वाटेत ‘न्यू’ लागला. तिला ठाऊक होतं, या अर्थाचा.
सुरुवातीला एक मुकं अक्षर.
‘बोलत नाही तर बसलंय कशाला?’ नोरीननं विचारलं.
मी म्हटलं, पूर्वी बोलायचं.
हळूहळू गप्प झालं,
पण काढून टाकायचा धीर कुणाला झाला नाही.
ती हसली.
मग त्या अक्षरावर नुसतं बोट ठेवून बसली.
‘आमचा बॅरी,’ म्हणाली,
‘जेवायला असतो.’
हीटर खरखरत होता. पुढचं वाक्य
बराच वेळ कुणी उचललं नाही.

चुंबनाच्या पानाची पाळी विल्फवर आली.
‘तिनं. त्याची. टोपी.’
घड्याळाचा काटा सरकला.
किअरनच्या जिभेवर शब्द आलेला मला दिसत होता,
त्यानं तो गिळला.
‘काढली,’ विल्फ म्हणाला, आणि पुस्तक मिटलं.
‘आयव्ही काढायची माझी. बंदरावरून आलो की.
आधी टोपी, मग बाकीचं.’
पुढे वाचायचं का, मी विचारलं.
‘पुढचं मला येतं,’ म्हणाला.
किअरनचे कान लाल झाले.
चुंबन राहिलंच त्या दिवशी. पुढल्या मंगळवारी
नोरीननं ते एका दमात वाचून टाकलं,
बिल वाचावं तसं.

त्याच संध्याकाळी, खुर्च्या लावताना,
तिनं कोपऱ्यावरचं पुस्तक उलटं केलं.
‘हे कुणासाठी आणलं होतंस?’
मला उत्तर सुचेना.
तिनं नाव वाचलं. मोठ्यानं, तीन शब्द,
मधल्यात एक मुकं अक्षर होतं,
अडखळली नाही.
पावाच्या लादीखाली पिशवीत सरकवलं.
‘मी सावकाश वाचते हं,’ म्हणाली.

मी शिक्का मारला.
परतीची तारीखही तिनं वाचून दाखवली,
न विचारता.